कार, एडवर्ड हॅलेट

(२८ जून १८९२—३ नोव्हेंबर १९८२). इंग्रज इतिहासकार, मुत्सद्दी, पत्रकार आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचा भाष्यकार. जन्म लंडन येथे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचे अध्ययन करून १९१६ मध्ये तो ब्रिटिश परराष्ट्र खात्यात दाखल झाला व वीस वर्षे तेथे राहिला. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेच्या कामात त्याचा सहभाग होता. १९२५ पासून काही वर्षे लॅटव्हियातील रीगा येथे असताना तो रशियन साहित्याच्या वाचनात रमला. डोस्टोव्हस्की (१९३१) व बाकूनिन (१९३७) यांची चरित्रे आणि द रोमँटिक एक्झाइल्स (१९३३) हे या व्यासंगाचे फलित होय.

१९३६ मध्ये नोकरी सोडून त्याने वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे प्राध्यापकपद स्वीकारले. राष्ट्रसंघाचे कट्टर पुरस्कर्ते डेव्हिड डेव्हिस यांच्या देणगीतून १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या अध्यासनाला वुड्रो विल्सनचे नाव दिलेले होते. आणि विल्सनच्या विचारसरणीवरील सर्वांत कठोर टीका याच अध्यासनावरून झाली. द ट्वेंटी इयर्स क्रायसिस (१९३९) या ग्रंथात कारने असे प्रतिपादन केले, की सर्व राष्ट्रांचे हितसंबंध मुळात एकच असतात हे गृहीतकच भ्रामक आहे. प्रस्थापित व्यवस्थेचे लाभ ज्यांना मिळतात, तीच राष्ट्रे शांतता हे सर्वांचे समान हित असल्याचे सांगतात. वंचित राष्ट्रांना तसे वाटण्याचे कारण नसते. लष्करी बळ, आर्थिक बळ आणि लोकमतावरील प्रभुत्व ही सत्तेची तीन अंगे त्याने मानली. त्याला वास्तववादाचा प्रवर्तक म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. केवळ वास्तववाद ध्येयशून्य व म्हणून वांझ ठरतो, असेही त्याने त्याच ग्रंथात बजावले होते.

मात्र या विवेचनाचा उपयोजनात घात झाला. बदलत्या सत्तासंतुलनाशी शांततेने जुळवून घेण्याचे उदाहरण म्हणून त्याने १९३८ च्या म्यूनिक कराराची भलावण केली. ग्रंथ प्रसिद्ध होतो न होतो तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुढील आवृत्तीत त्याने हा मजकूर गाळला. पण सामर्थ्याचे विश्लेषण करताना सामर्थ्यवानाला झुकते माप देण्याची त्याची वृत्ती गेली नाही. युद्धकाळात द टाइम्स या वृत्तपत्राचा साहाय्यक संपादक (१९४१—४६) असताना त्याने नियोजनाचा आणि सोव्हिएट रशियाशी सहकार्याचा पुरस्कार केला. डिसेंबर १९४४ मध्ये ग्रीसमधील ब्रिटिश हस्तक्षेपावर त्याने लिहिलेल्या अग्रलेखांमुळे चर्चिल संतप्त झाला.

१९४७ मध्ये प्राध्यापकपद सोडल्यावर १९५३ पर्यंत त्याला विद्यापीठात स्थान मिळाले नाही. १९५५ पासून तो ट्रिनिटीत होता. ए हिस्टरी ऑफ सोव्हिएट रशिया हा त्याचा चौदा खंडांचा इतिहास १९५०—७८ या काळात प्रसिद्ध झाला. १९१७ ते १९२९ या अवघ्या बारा वर्षांचा हा वृत्तांत साधनसामग्रीच्या विपुलतेमुळे असाधारण ठरला. तो विजेत्यांच्या दृष्टीने लिहिलेला असून त्यात पराभूतांना व पीडितांना स्थान नाही, हा आयझेया बर्लिनप्रभृतींचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. व्हॉट इज हिस्टरी? (१९६१) या व्याख्यानसंग्रहात इतिहास म्हणजे इतिहासकार व तथ्ये यांतील अखंड संवाद, ही भूमिका त्याने मांडली; सामान्य वाचक त्याला मुख्यतः याच छोटेखानी पुस्तकामुळे ओळखतो.

नव्वदाव्या वर्षीही त्याचे लेखन चालू होते. द ट्वायलाइट ऑफ कॉमिन्टर्न हे पुस्तक १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी बाहेर पडले. केंब्रिज येथे त्याचे निधन झाले.