धेंपो: न मोडलेला संघ

राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच जेतेपदं फक्त दोन क्लबांच्या नावावर आहेत. एक मोहन बागान, ज्याच्यामागे शतकाहून जास्त इतिहास आणि अख्खं कोलकाता उभं आहे. दुसरा गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब. बागानला ही पाच जेतेपदं मिळवायला वीसेक वर्षं लागली. धेंपोने ती २००५ ते २०१२ या काळात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली मिळवली. महाराष्ट्रात क्रिकेटच्या गदारोळात ही कामगिरी कोणाच्या कानावर फारशी आलीच नाही, म्हणून ती इथे सविस्तर सांगायची आहे.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात खाणमालकांनी फुटबॉल संघ पोसले. वसंतराव धेंपो यांचं घराणं त्यातलंच. गावागावात चर्चसमोरच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना नोकरी आणि बूट मिळण्याची सोय या संघांमुळे झाली. धेंपोने १९७८ आणि १९७९ असा लागोपाठ दोनदा मुंबईत रोव्हर्स करंडक जिंकला. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, तरी तिचं जेतेपद मात्र बरीच वर्षं हुलकावणी देत राहिलं.

२००० साली आर्मांदो कुलासो यांनी संघाची सूत्रं घेतली आणि ती तेरा वर्षं सोडली नाहीत. आपल्याकडे चार सामने हरले की प्रशिक्षकाचं सामान बांधायला घेतात, तिथे तेरा वर्षं ही गोष्ट मला पाच करंडकांइतकीच मोठी वाटते. कुलासोंनी गोव्यातलीच मुलं निवडली आणि त्यांना एकमेकांची सवय होऊ दिली. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, बगलेवर क्लिफर्ड मिरांडा आणि अँथनी परेरा. मोसमामागून मोसम हीच नावं फळ्यावर लागत. परदेशी खेळाडूही येऊन-जाऊन राहणारे नव्हते. ब्राझीलचा बेतो इथे रमला तो रमलाच.

२००३-०४ मध्ये ईस्ट बंगालपाठोपाठ धेंपो दुसरा आला. पुढच्या मोसमासाठी क्लबने त्याच ईस्ट बंगालचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर याला आणलं. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतीरवा मैदान, फेडरेशन करंडकाची अंतिम लढत, समोर मोहन बागान. पहिला गोल ज्युनिअरचा. उत्तरार्धात तो पुन्हा एकदा चेंडू घेऊन आत शिरला, गोलरक्षक पुढे धावून आला, ज्युनिअरने चेंडू जाळ्यात टाकला आणि दोघांची टक्कर झाली. तो खाली कोसळला तो उठलाच नाही. सहकाऱ्यांनी मैदानावरच त्याच्या छातीवर दाब देऊन पाहिला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आलं. वय अवघं पंचवीस. धेंपोने तो सामना २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल त्याचेच होते. मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची काय सोय असते, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्या देशाला पडला. तो आधीच पडायला हवा होता. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी निवृत्त केली.

असा आघात झाल्यावर संघ विस्कटला असता तर कोणी बोल लावला नसता. पण त्याच मोसमात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली, तीही गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबला मागे टाकून.

२००४ मध्येच नायजेरियाहून विशीही न ओलांडलेला रँटी मार्टिन्स धेंपोत आला होता. त्या काळाचं चित्र डोळ्यांसमोर यायचं तर एक गोष्ट पुरे: २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत, आठही मोसमांत, देशातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू नायजेरियाचा होता आणि गोव्यातल्याच एखाद्या क्लबकडून खेळत होता. स्पोर्टिंगचा डूडू, चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा आणि धेंपोचा रँटी. आफ्रिकेतल्या क्लबांची कीर्ती आपल्यापर्यंत पोचली नसेल, पण तिथल्या मातीत घडलेले हे पाय फातोर्ड्याच्या मैदानाने जवळून पाहिले. रँटी या तिघांत वेगळा ठरला, कारण आठ वर्षं तो एका संघातून हलला नाही. बेतो चेंडू कधी सोडणार हे त्याला पाठ झालं होतं. २०११-१२ च्या एकाच मोसमात त्याने ३२ गोल केले. त्याच्या आदल्या मोसमात, मे २०११ मध्ये, धेंपोने एअर इंडियावर चौदा गोल चढवले होते, एकही न स्वीकारता.

बाकीची जेतेपदं सोपी नव्हती. २००६-०७ मध्ये पंजाबचा जेसीटी दुसरा आला, तर २००७-०८ च्या पहिल्या आय-लीगमध्ये चर्चिलशी गुण बरोबरीत सुटले. चर्चिल आणि धेंपो दोघांचेही अठरा सामन्यांत ३६ गुण, आणि करंडक गोलफरकावर पणजीला आला. मग २००९-१० आणि २०११-१२. मधल्या २००८ मध्ये एएफसी करंडकाच्या उपांत्य फेरीत पोचणारा धेंपो हा पहिला भारतीय क्लब ठरला. तिथे लेबनॉनच्या सफा संघाने त्याला अडवलं.

२००९ मध्ये धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय सेसा गोवा कंपनीला विकला. ज्या धंद्यातून क्लब उभा राहिला तो गेला, तरी क्लब ठेवला, याचं श्रेय श्रीनिवास धेंपो यांना द्यायलाच हवं.

उतार आला तो नंतर. २०१२ मध्ये रँटी कोलकात्याला गेला, २०१३ मध्ये कुलासो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिच्यातल्या एफसी गोवा संघाच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर यांच्यासोबत आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, व्हिडिओकॉनचे वेणुगोपाळ धूतही होते. इकडे मूळ धेंपो संघ २०१४-१५ मध्ये आय-लीगमधून खालच्या वर्गात गेला. पुढच्याच मोसमात तिथलं जेतेपद घेऊन तो वर यायला पात्र ठरला, पण आय-लीगला दुय्यम ठरवणारा भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा पटला नाही म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्यासारखाच त्यानेही २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. माझ्या मते हा गोव्याच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा तोटा आहे. नव्या लीगची रोषणाई हवी होती, तर जुन्या घरातले दिवे मालवायची काय गरज होती?

जुने खेळाडू मात्र खेळापासून दूर गेले नाहीत. क्लिफर्ड मिरांडाने प्रशिक्षक म्हणून २०२३ मध्ये ओडिशाला सुपर करंडक जिंकून दिला. समीर नाईक धेंपोचाच प्रशिक्षक झाला आणि २०२३-२४ मध्ये संघाला आय-लीग २ मधून वर घेऊन आला. २०२४-२५ च्या मोसमात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. त्याच मोसमात, जानेवारी २०२५ मध्ये, आर्मांदो कुलासो यांना जीवनगौरव विभागातला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पाचवं जेतेपद जिंकून तेव्हा बारा वर्षं उलटली होती.