चौदा दरवाजे, अठ्ठावीस हुकूम

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाला येलदरी. तिथून सोडलेलं पाणी इथं येतं आणि पुढे कालव्यांनी शेतांकडे जातं. सिद्धेश्वरला दरवाजे आहेत १४. हे धरण खेळात मांडायचं ठरवलं तर?

'एज ऑफ एम्पायर्स २' हा डावपेचांचा खेळ १९९९ साली आला. त्यात स्वतःचा नकाशा बनवता येतो आणि नकाशात ट्रिगर घालता येतात. ट्रिगर म्हणजे 'असं झालं, तर तसं कर' असा हुकूम. धरणाच्या जागी भिंत घालू, भिंतीत १४ फाटकं बसवू आणि पुराऐवजी सोडू घोडेस्वार! खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत आकडा साठवायची सोय आहे. त्या आकड्याला नाव देऊ 'पातळी'.

पहिला हुकूम असा: पातळी ८१ झाली, की पहिल्या फाटकाचं कुलूप काढ. दुसऱ्याचं ८२ ला, चौदाव्याचं ९४ ला. (हे आकडे खेळातले बरं का, खऱ्या धरणाचे नव्हेत!) पातळी उतरली की कुलूप लावायचा हुकूम वेगळा. म्हणजे झाले २८. ते माऊसने एकेक भरता येतीलही. पण ८१ ऐवजी ७१ पासून सुरुवात करायची ठरली, की पुन्हा अठ्ठावीस वेळा तेच!

इथे पायथन ही संगणकाची भाषा कामाला येते. नकाशाची फाईल वाचून तिच्यात ट्रिगर लिहिणारी 'एओई टू सिनॅरिओ पार्सर' नावाची तयार साधनं त्या भाषेत आहेत. नकाशातल्या प्रत्येक फाटकाला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो. त्या १४ क्रमांकांची यादी द्यायची आणि नियम एकदाच लिहायचा: 'पातळी ८० अधिक फाटकाचा नंबर'. संगणक १४ वेळा फिरतो आणि सगळे हुकूम लिहून काढतो. आता ८० चे ७० करायला एकच आकडा बदलायचा. नवा नकाशा मात्र नव्या नावानं साठवा, जुना शाबूत राहू दे.

ट्रिगर एकदा चालला की संपतो. दुसऱ्या पुरालाही तो चालायला हवा, म्हणून 'पुन्हा पुन्हा' ही खूण लावावी लागते. ती नियमात राहिली, तर अठ्ठावीसही हुकमांत राहते!

आणखी एक गंमत. पायथनमध्ये 'रेंज (१, १४)' लिहिलं, की मोजणी १३ वरच थांबते. शेवटचा आकडा ती भाषा धरत नाही. तिथे १५ लिहावं लागतं. नाहीतर तेरा फाटकं नीट चालतात आणि चौदावं ढिम्म! तेव्हा नकाशा उघडल्यावर आधी ट्रिगरच्या यादीच्या तळाशी जा आणि 'दरवाजा १४' आहे का, ते बघा.