वडिलांच्या घरावर स्लॅब टाकताय? आधी बहिणीची संमती घ्या

उन्हाळा आला की सेलूत घराघरांत बांधकामाची बोलणी सुरू होतात. पत्रे तापतात, माळवद गेल्या पावसाळ्यात गळलेले असते, पोरगा दहावीला गेलेला असतो. एक खोली वाढवायची, वर स्लॅब टाकायचा, असे ठरते. गवंडी येतो, माप घेतो, सळईचा हिशेब सांगतो. घर कोणाच्या मालकीचे, हे मात्र कोणी विचारत नाही. वाद तिथूनच सुरू होतात. आमच्यापर्यंत येणाऱ्या घरगुती भांडणांत हा प्रकार वारंवार दिसतो, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

समजा घर वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले आहे. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे आई, दोन भाऊ आणि मानवतला दिलेली एक बहीण. आजी हयात नाही. थोरला भाऊ घरात राहतो, धाकटा पुण्यात कंपनीत आहे. अशा घरात चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा असतो. नगर परिषदेच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर थोरल्याचे नाव लागले आणि तोच दरवर्षी घरपट्टी भरतो, तरी तो एकटा मालक होत नाही. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. तालुक्यातल्या गावांत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चेही तेच.

आपण बौद्ध, मग आपल्याला हिंदू वारसा कायदा कसा लागतो, असे तरुण नेहमी विचारतात. लागतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा जून १९५६ मध्ये आला आणि धम्मदीक्षा त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला झाली. दीक्षेने वारसा हक्कात फरक पडला नाही. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचाच हा पुढे तुकड्यातुकड्याने मंजूर झालेला भाग. त्यात एक उणीव होती. कलम २३ नुसार, भाऊ वाटणी करायला तयार होईपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम रद्द झाले आहे. म्हणजे 'लग्न करून दिली, आता तिचा काय संबंध' हे म्हणणे कायद्यात कुठेच बसत नाही. भाऊबीजेची साडी ही काही हिश्शाची किंमत नव्हे.

वाटणी झालेली नसते तोवर प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क घराच्या प्रत्येक भागावर असतो. ओसरी माझी, मागची खोली तुझी, ही राहण्याची सोय झाली. त्यामुळे थोरल्याने गळका पत्रा बदलला, गिलावा केला, संडासाचे फुटलेले पाइप दुरुस्त केले तर कोणाला हरकत घेण्याचे कारण नाही. घर टिकवणे सगळ्यांच्याच फायद्याचे. पण जुनी भिंत पाडणे, अंगणात खोली काढणे किंवा वर मजला चढवणे ही वेगळी गोष्ट. त्यासाठी बाकीच्यांची संमती हवी. ती नसेल तर कोणीही हिस्सेदार दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणू शकतो. इथे वेळेला फार महत्त्व आहे. पाया खोदतानाच हरकत घेतली तर न्यायालय काम थांबवू शकते. स्लॅब पडेपर्यंत गप्प बसून मग दावा लावला, तर बांधकाम पाडण्याचा हुकूम सहसा मिळत नाही. त्याचा विचार वाटणीच्या वेळी होतो.

नगर परिषदेची परवानगी हा निराळा भाग. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे फक्त आतले बदल, किंवा बाहेरच्या स्वरूपात विशेष फरक न करणारी कामे परवानगीशिवाय करता येतात. मजला वाढवायचा तर नकाशा, अर्ज आणि मालकीची कागदपत्रे द्यावी लागतात. परवानगी मिळाली म्हणून हिस्सेदारांचा प्रश्न सुटत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि गवंड्यापेक्षा आधी इंजिनिअरला विचारा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीच्या जुन्या भिंतींवर स्लॅबचे ओझे टाकणे म्हणजे काय, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मराठवाड्याला दाखवले आहे. तिथे माणसे मेली ती दगडमातीच्या जड घरांखाली दबून.

संमती तोंडी घेऊ नका. सध्या ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र करता येते. कोणते बांधकाम, किती जागेत, खर्च कोण करणार आणि वाटणीच्या वेळी तो खर्च कसा धरायचा, हे त्यात लिहा. सर्व हिस्सेदारांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्या. सळई, सिमेंट, मजुरी यांच्या पावत्या जपून ठेवा. शक्य असेल तिथे वाढवलेला भाग खर्च करणाऱ्याच्या वाट्याला देण्याकडे न्यायालयांचा कल असतो, पण त्याला पुरावा लागतो.

बहिणींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम. संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र एक नव्हेत. संमतीपत्राने बांधायला परवानगी मिळते, हक्कसोडपत्राने तुमचा हिस्सा जातो. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. म्हणून 'नुसती सही कर' म्हणत कोणी रजिस्ट्री ऑफिसला नेऊ लागले तर कागद पूर्ण वाचून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका. संमतीपत्रात 'या बांधकामामुळे माझा हिस्सा कमी झालेला नाही' हे वाक्य घालायला सांगा. भाऊ प्रामाणिक असेल तर त्याला यात अडचण वाटणार नाही.

रागाच्या भरात आपला हिस्सा बाहेरच्याला विकण्याची धमकीही बरेचदा ऐकू येते. हिस्सा विकता येतो. पण अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्याला एकत्र राहायला येण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरातला हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो.

बोलणी फिसकटलीच तर वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. जातीचा दाखला, घराचा उतारा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दोन्ही बाजू तयार असतील तर लोकअदालतीत तडजोड होते आणि तिच्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते.