डावखुरेपणा व आनुवंशिकता

डावखुरेपणा व आनुवंशिकता : लेखन, फेकणे, कापणे यांसारख्या कौशल्याच्या कामांत डावा हात अधिक सहजतेने वापरण्याच्या प्रवृत्तीस डावखुरेपणा म्हणतात. जगातील सु. १० टक्के लोक डावखुरे असून पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा किंचित अधिक आढळते. गर्भावस्थेतच एका हाताच्या हालचाली अधिक होत असल्याचे श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमांत दिसून आले आहे. त्यामुळे ही प्रवृत्ती केवळ अनुकरणाने जडते, असे म्हणता येत नाही.

दोन्ही आईबाप उजवे असल्यास सु. १० टक्के, एक डावखुरा असल्यास सु. २० टक्के व दोन्ही डावखुरे असल्यास सु. २६ टक्के अपत्ये डावखुरी निपजतात; म्हणजे डावखुऱ्या दांपत्याचीही बहुसंख्य अपत्ये उजवीच असतात. एकाच फलित अंडापासून झालेल्या जुळ्यांची आनुवंशिक घडण जवळजवळ सारखी असूनही सु. पाचांपैकी एका जोडीत एक भावंड उजवे व दुसरे डावखुरे असते. जुळ्यांच्या मोठ्या पाहण्यांवरून व्यक्तिव्यक्तींमधील या भेदाचा सु. एक चतुर्थांश भाग आनुवंशिक असावा, असे अनुमान निघते.

या निरीक्षणांचा उलगडा करण्यासाठी मॅरिअन ॲनेट व क्रिस मॅकमॅनस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच जीनावर आधारलेल्या उपपत्ती मांडल्या. त्यांचे समान सूत्र असे की, जीन डावेपणा निर्माण करीत नाही. उजवीकडे कल देणारा जीन नसेल, तर हाताची निवड यदृच्छेने होते. तथापि संपूर्ण जीनसंचाच्या तपासणीत असा एकही प्रभावी जीन सापडला नाही.

ब्रिटनमधील सु. ४ लक्ष व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासात जीनसंचातील चार स्थानांचा, तर १७ लक्षांहून अधिक व्यक्तींच्या २०२० मधील अभ्यासात ४१ स्थानांचा डावखुरेपणाशी संबंध आढळला. यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे. यांतील काही स्थाने कोशिकांतील (पेशींतील) सूक्ष्मनलिकांशी निगडित जीनांजवळ आहेत. या नलिका कोशिकेचा सांगाडा घडवितात व तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) वाढीत महत्त्वाचे कार्य करतात. २०२४ मध्ये टीयूबीबी४बी या सूक्ष्मनलिका-जीनातील विरळ बदल डावखुऱ्यांत उजव्यांच्या २·७ पट आढळले. परंतु अशा विरळ बदलांचा एकूण वाटा सु. एक टक्काच भरतो. उर्वरित भेदाचे श्रेय बव्हंशी मेंदूच्या विकासातील यदृच्छेला दिले जाते.

यास्तव जीनांच्या तपासणीवरून मूल डावखुरे होईल की नाही, हे सांगता येत नाही. भारतात भोजन व धार्मिक कृत्ये उजव्या हाताने करण्याचा संकेत आहे. जेथे मुलांना हात बदलावयास लावतात, तेथे डावखुऱ्यांची नोंद कमी होते. अशा नोंदीवरून जीनांतील भेद अनुमानता येत नाही. सक्तीमुळे लिहिण्याचा हात बदलला, तरी मूळ कल नाहीसा होतोच असे नाही. डावखुरेपणा हा दोष वा रोग नसून मानवी विविधतेचा एक प्रकार आहे.