आंदोलकाची चूक आणि संगणकाचे गणित

नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा भारताची प्रमाणवेळ राखते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवरून केली जाते. सीझियम घड्याळात मात्र प्रत्यक्ष स्पंद देतो तो क्वॉर्ट्झचा आंदोलक. अणू त्याला सतत मार्गावर आणतात, कारण एकटा सोडलेला आंदोलक हळूहळू भरकटतो.

आंदोलन आपल्या आवर्तनात कोठवर आले आहे, त्या स्थितीला कला म्हणतात. रोधक व ट्रँझिस्टर यांतील इलेक्ट्रॉनांच्या स्वैर हालचालींमुळे ही कला किंचित मागेपुढे होते. हाच कलागोंगाट. रेडिओ ग्राहकात तो वाढला, तर शेजारच्या प्रबळ केंद्राचा संदेश हव्या त्या संदेशावर पसरतो. रडारमध्ये सावकाश चालणाऱ्या वस्तूचा क्षीण प्रतिध्वनी त्याखाली बुडून जातो.

दिल्लीलगतच्या नोएडात संकलित मंडलांचे अभिकल्प करणाऱ्या अभियंत्यांना असे दोष चिप तयार होण्यापूर्वीच अजमावावे लागतात, कारण तयार चिपमध्ये सहसा दुरुस्ती करता येत नाही. त्यासाठी मंडलाची गणितीय प्रतिकृती संगणकावर चालवितात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७३ साली पुढे आलेल्या 'स्पाइस' या आज्ञावलीने ही पद्धत रूढ केली. तथापि तिचे गोंगाटाचे गणित स्थिर अवस्थेतील मंडल गृहीत धरते. आंदोलक तर कधीच स्थिर नसतो. म्हणून प्रथम त्याचे एक पूर्ण आवर्तन अचूक शोधून, मग त्या आवर्तनाच्या प्रत्येक टप्प्यावर सूक्ष्म धक्क्याचा परिणाम काढावा लागतो.

हा परिणाम लंबकाच्या घड्याळावरून समजेल. लंबकाला धक्का बसला, तर त्याचा झोका थोड्या वेळाने पूर्ववत होतो. पण चुकलेली वेळ भरून निघत नाही, कारण खरी वेळ घड्याळाला ठाऊकच नसते. आंदोलकाच्या कलेतील चुकाही अशाच साचत जातात. साधे रेषीय गणित वापरल्यास मूळ कंप्रतेच्या अगदी जवळ गोंगाट अनंत होतो, असे अशक्य उत्तर येते. आल्पेर देमिर, अमित मेहरोत्रा व जयजीत रायचौधुरी यांनी २००० साली दाखविले की, कलागोंगाटामुळे एकूण शक्ती वाढत नाही. ती केवळ आसपासच्या कंप्रतांवर पसरते.

तरीही एक सावधगिरी उरते. संगणक काळाचे तुकडे पाडून गणित करतो. तुकडे मोठे असतील, तर गणितातील चूकच गोंगाटासारखी भासू लागते. तुकडे अधिक लहान करूनही उत्तर बदलत नाही, अशी खात्री पटेपर्यंत त्यावर विसंबू नये. आणि अखेरचा निवाडा प्रत्यक्ष मोजमापाचाच मानावा.