बोटात राहिलेला फास

संपादकांनी आदिम शिकाऱ्यांच्या भाला फेकायच्या दांडीवर लिहायला सांगितलं आणि मी नेवासं गाठलं. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथं उत्खनन केलं. प्रवरेकाठच्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांना त्यांनी ‘नेवासियन’ म्हटलं. साठच्या दशकात गुद्रुन कॉर्विनुस यांनी जवळच्या चिरकीला त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी खणून काढल्या.

पण मी रेंगाळले ती ज्वारीच्या रानात. माळ्यावर एक आजोबा पाखरं राखत होते. गोफणीचा एक फास बोटात, दुसरा शेव चिमटीत. गरगर फिरवून चिमूट सोडली की दगड सुसाट सुटायचा आणि गोफण बोटाला लोंबत राहायची.

“जोर दंडाचा न्हाई पोरी, लांबीचा हाय.”

फेकदांडीचं सगळं मर्म यात आलं. हातभर लाकूड, त्याच्या टोकाला आकडा आणि भाल्याच्या बुडाला खळगी. आकडा खळगीत अडकवून दांडी झटकली की हात तेवढा लांब होतो. मनगटाचा लहानसा हिसका टोकाशी मोठा वेग होतो. लवचीक भाला वाकतो, उसळतो, निघून जातो; दांडी मुठीतच राहते. फ्रान्समध्ये रेनडिअरच्या शिंगाचा असा आकडा १७,००० वर्षांहून जुन्या थरात मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची ‘वूमेरा’ हीच. चवताळलेल्या जनावराच्या शिंगांपासून चार पावलं लांब उभं राहता येणं म्हणजे शिकाऱ्याला केवढा आधार!

आपल्याकडे लाकूड मातीत कुजतं, दगड उरतो. नेवाशाच्या जास्पर, चर्टच्या अणी मला हातभाल्याच्या वाटतात. फेकदांडीच्या हलक्या भाल्याला शोभतील अशी इवली पाती चाळीसगावजवळच्या पाटण्याला मिळाली आहेत. ती काठीच्या खाचेत डिंकाने बसवता येतात. एकेका पात्याचा कोन, धारेवरची झीज पाहूनच हरवलेल्या लाकडाचा अंदाज बांधायचा.

म्हणून तर पात्याइतकाच त्याचा थर मोलाचा. कोणत्या गोट्यांखाली, कोणत्या मातीत ते पडलं होतं, यावरच त्याचं वय ठरतं. नदीकाठी वाळू उपसताना हा थरच आधी मोडतो. फावड्याने उलथलेलं पातं हातात धरलं तर धार आजही बोटाला लागते. पण ते कोणाच्या काळचं, हे सांगणारी माती ट्रकमधून केव्हाच गेलेली असते. पात्रातल्या खड्ड्यांच्या कडेने चालताना मला गोट्यांचे कापले गेलेले थर दिसत होते, आणि पाय टाकायचीही भीती वाटत होती.

संध्याकाळी परतताना आजोबा माळ्यावरून उतरत होते. गोफण त्यांनी घडी करून मुंडाशात खोचली होती.