छोटं कॉलेज कोणाला मानवतं?

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात फक्त इतिहास-साहित्य शिकवतात, हा समज आपल्या दहावीनंतरच्या शाखांवरून झाला असावा. प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात (स्थापना १८६४) इंजिनिअरिंगचीही पदवी मिळते. ही मुख्यतः पदवीपुरती, निवासी कॉलेजं. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, आणि मेजर (मुख्य विषय) बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा.

मोठं विद्यापीठ हे तयार कपड्यांचं दुकान धरलं, तर छोटं कॉलेज हा गल्लीतला शिंपी: माप तुमचंच घेणार, पण फडताळात कापडं मोजकी. मॅसॅच्युसेट्‌समधल्या विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल (दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक) असतं. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची. पुढच्या आठवड्यात उलट. मागच्या बाकावर लपायची सोयच नाही. हे वाचून ज्याला धडकी भरते, त्याने जरा थांबावं.

प्रवेश जितका अवघड तितकं कॉलेज आपल्याला योग्य, हेही खरं नाही. त्यावरून फक्त मागणी कळते. आपल्या विषयाचे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम दरवर्षी होतात की वर्षाआड, हे पाहावं. शिवाय विल्यम्स कॉलेज जिथे आहे त्या विल्यम्सटाउनसारख्या डोंगरातल्या लहानशा गावात चार हिवाळे काढवतील का, तेही.